उंबरठ्यावर अडलेले पत्र : ईमेलच्या अभिवादनाचा इतिहास

१/
या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत ईमेल वापरणाऱ्यांना एक चमत्कारिक दोष भेटू लागला. आलेली पत्रे व्यवस्थित दिसत, पण लिहिलेले पत्र बाहेर पडत नसे. तोच लॅपटॉप जुन्या जोडणीवर नेला की पत्र निमूटपणे जाई. नव्या जोडणीवर आणला की पुन्हा अडे. पासवर्ड बरोबर, सर्व्हरचे नाव बरोबर. तरीही सर्व्हरचे उत्तर एकच : ५०१.

२/
५०१ या क्रमांकाचा अर्थ, 'आज्ञेसोबत दिलेली माहिती व्याकरणाला धरून नाही'. सर्व्हरने पत्र वाचलेले नसे. पाठवणारा कोण, पत्र कोणाला, हेही विचारलेले नसे. आक्षेप होता तो ईमेल प्रोग्रॅमने उच्चारलेल्या पहिल्या शब्दावर, म्हणजे अभिवादनावर. एका नमस्कारावरून पत्र का अडावे, याचे उत्तर चाळीस वर्षांच्या इतिहासात आहे.

३/
आधी हा संवाद कसा चालतो ते पाहू. पत्र पाठवणारा प्रोग्रॅम म्हणजे क्लायंट. तो सर्व्हरशी जोडणी करतो. सर्व्हर '२२०' म्हणून आपले नाव सांगतो आणि क्लायंटने आपले सांगावे अशी अपेक्षा असते. क्लायंट म्हणतो, 'हेलो, मी अमुक'. सर्व्हरने '२५०' म्हटले की पुढचे बोलणे सुरू होते : पत्र कोणाकडून, कोणासाठी, आणि मग मजकूर. दार वाजल्यावर आतून 'कोण?' असे विचारतात, त्याचे उत्तर म्हणजे हे 'हेलो'.

४/
ईमेल या अभिवादनाहून जुना आहे. १९७१ मध्ये अमेरिकेतील बीबीएन या कंपनीत रे टॉमलिन्सन यांनी आर्पानेटवर एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर निरोप पाठवला आणि व्यक्तीचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये @ हे चिन्ह बसवले. पुढची काही वर्षे टपाल फाइल-हस्तांतरणाच्या नियमावलीचा आधार घेऊन चालत होते. टपालाचे स्वतःचे घर अजून बांधायचे होते.

५/
ते घर ऑगस्ट १९८२ मध्ये पक्के झाले. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेतील जॉन पोस्टेल यांनी 'आरएफसी ८२१' ही नियमावली प्रसिद्ध केली. हीच एसएमटीपी. तिच्यातील आज्ञा रोमन लिपीतील चार-चार अक्षरांच्या होत्या. म्हणून इंग्रजी 'हॅलो'मधील एक 'एल' गळाला आणि 'हेलो' उरले.

६/
हे अभिवादन सुरक्षेसाठी नव्हते. आपण ज्याच्याशी बोलत आहोत असे समजतो, त्याच्याशीच बोलत आहोत ना, याची दोन्ही यंत्रांनी खात्री करून घ्यावी, एवढाच हेतू होता. त्या काळच्या जाळ्यात काही शेकडो यंत्रे होती. त्यांच्या नावांची एकच अधिकृत यादी मेन्लो पार्कमधील एसआरआय संस्थेत ठेवली जाई आणि एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळत असे. लहान गावात ओळख विचारली जाते ती आपुलकीने. तसाच हा प्रकार होता.

७/
तरीही पोस्टेल यांनी नाव नसलेल्या यंत्राचीही सोय केली होती. ८२१ च्या व्याकरणात यंत्राची ओळख तीन प्रकारे देता येई : नाव, '#' चिन्हानंतर एक पूर्णांक, किंवा चौकोनी कंसात टिंबांनी तोडलेले चार आकडे, उदाहरणार्थ, [१९२.०.२.१]. पुढच्या सगळ्या गुंतागुंतीचे बीज या तिसऱ्या प्रकारात आहे.

८/
हे चार आकडे म्हणजे आयपीव्ही४ चा पत्ता. त्याची नियमावली सप्टेंबर १९८१ ची. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने जुनी पद्धत सोडून हीच पद्धत स्वीकारली. पत्ता ३२ बिटांचा. म्हणजे एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते. काही शेकडो यंत्रांच्या जगात हा आकडा अक्षय्य वाटला असल्यास नवल नाही.

९/
१९८३ मध्येच पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नावांची पद्धत मांडली. एका हाताने सांभाळलेल्या यादीची जागा विकेंद्रित नोंदींनी घेतली. जानेवारी १९८६ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी या नोंदींवरून टपालाची वाट कशी ठरवावी याचे नियम लिहिले. आता 'हेलो' म्हणून सांगितलेले नाव खरे की खोटे, हे कोणालाही पडताळून पाहता येऊ लागले.

१०/
पडताळणी शक्य होताच प्रश्न उभा राहिला : नाव जुळले नाही तर पत्र नाकारावे काय? ऑक्टोबर १९८९ च्या 'आरएफसी ११२३' ने स्पष्ट उत्तर दिले. अभिवादनात यंत्राचे खरे नाव असलेच पाहिजे, सर्व्हरने हवे तर ते तपासावे. परंतु केवळ ते जुळले नाही म्हणून पत्र नाकारू नये. आपण बोलताना काटेकोर असावे आणि दुसऱ्याचे ऐकताना उदार असावे, हे पोस्टेल यांनी १९८० पासून मांडलेले तत्त्वच येथे बोलत होते.

११/
फेब्रुवारी १९९३ मध्ये अभिवादनाला नवे रूप मिळाले : 'एहलो'. क्लायंटने 'एहलो' म्हटले की सर्व्हर आपल्या अंगच्या कलांची यादी देऊ लागला. जुन्या सर्व्हरला हा शब्द कळला नाही, तर क्लायंटने पुन्हा साधे 'हेलो' म्हणावे, अशी सोय होती. ईमेलच्या पत्त्यातच देवनागरी अक्षरे वापरण्याची २०१२ मध्ये प्रमाणित झालेली सुविधाही याच यादीतून जाहीर होते. नमस्कार आता क्षमतांची देवघेव झाला होता.

१२/
दरम्यान ४२९ कोटी पत्ते अपुरे पडणार हे दिसू लागले होते. १९९४ मध्ये नव्या पद्धतीची दिशा ठरली आणि डिसेंबर १९९५ मध्ये स्टीव्ह डीअरिंग व बॉब हिंडेन यांनी आयपीव्ही६ ची पहिली नियमावली प्रसिद्ध केली. भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले ते त्याच वर्षी, १५ ऑगस्टला. मुंबईतील पहिले ग्राहक जुन्या पत्त्यांच्या जगात पाऊल टाकत होते, तेव्हा नव्या पत्त्यांचा आराखडा पूर्ण होत आला होता.

१३/
नवा पत्ता १२८ बिटांचा. एकूण पत्त्यांची संख्या ३४ वर ३७ शून्ये इतकी. तो लिहिण्याची रीतही वेगळी : षोडशमान पद्धतीतील आठ गट आणि त्यांच्यामध्ये टिंबाऐवजी अपूर्णविराम, म्हणजे कोलन. सलग शून्यांचे गट एकदाच गाळून तेथे दोन कोलन द्यावेत, अशी सवलत. त्यामुळे लांबलचक पत्ता '२००१:डीबी८::१' इतका आखूड होतो. (प्रत्यक्षात अक्षरे रोमन असतात.)

१४/
कोलन हे चिन्ह मात्र संगणकविश्वात आधीच कामाला जुंपलेले होते. वेबपत्त्यात यंत्राचे नाव आणि पोर्ट क्रमांक यांना तेच वेगळे करी. म्हणून डिसेंबर १९९९ मध्ये वेबपत्त्यांसाठी नियम झाला की आयपीव्ही६ पत्ता चौकोनी कंसात लिहावा. ईमेलमध्ये मात्र चौकोनी कंस १९८२ पासूनच होता आणि त्याचा अर्थ 'आत टिंबांचे चार आकडे आहेत' असा ठरून गेला होता.

१५/
एप्रिल २००१ मध्ये जॉन क्लेन्सिन यांच्या संपादनाखाली 'आरएफसी २८२१' आली आणि तिने हा पेच सोडवला. कंसात नवा पत्ता असेल, तर आधी त्याचा प्रकार सांगणारी खूण लिहावी : [आयपीव्ही६:२००१:डीबी८::१]. पुढे आणखी नवी पत्तापद्धती आली, तर तिलाही नोंदणीकृत खूण मिळेल. जुन्या आयपीव्ही४ ला मात्र खुणेची सक्ती नाही. जुन्या रहिवाशाला पाटी लागत नाही. नव्याने आलेल्याला दारावर नाव लावावे लागते.

१६/
या नियमाचा भार कोणावर पडला? मोठ्या टपाल सर्व्हरवर नाही. त्यांना स्वतःची नावे असतात. भार पडला घरातल्या लॅपटॉपवरील ईमेल प्रोग्रॅमवर. त्याला जगात मान्य असे नाव नसते, पत्ताही दर जोडणीला बदलू शकतो. २८२१ ने अशा यंत्रांना सांगितले : सांगण्यासारखे नाव नसेल, तर कंसात पत्ता द्या. म्हणजे खूण लिहिण्यात चूक होण्याची शक्यता सर्वांत अधिक तेथेच, जेथे वापरणारा सर्वांत कमी जाणकार.

१७/
इकडे सर्व्हरचा स्वभाव बदलत होता. १९७८ मध्ये डीईसी कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी आर्पानेटवरील शेकडो लोकांना जाहिरात धाडली, तेव्हा तो अपवाद होता. नव्वदच्या दशकात नको असलेल्या टपालाचा पूर आला. केंब्रिज विद्यापीठातील फिलिप हेझल यांचा 'एक्झिम' (१९९५), आयबीएममधील वीत्से वेनेमा यांचा 'पोस्टफिक्स' (१९९८) अशा सर्व्हर प्रोग्रॅमांत अभिवादनाची तपासणी करण्याच्या सोयी आल्या. घाईघाईने लिहिलेले स्पॅमचे प्रोग्रॅम अनेकदा नमस्कारच चुकीचा करत. म्हणून नमस्कारावरून पारख होऊ लागली.

१८/
येथे १९८९ च्या उदार नियमातील एक फट महत्त्वाची ठरली. सांगितलेले नाव यंत्राच्या पत्त्याशी जुळत नाही, एवढ्यावरून पत्र नाकारू नये, हे बंधन होते. पण जे सांगितले ते व्याकरणातच बसत नसेल, तर? तेथे ५०१ म्हणण्यास मुभा होती. परिणाम विचित्र झाला : दुसऱ्याचे नाव सांगणारा बनावट नमस्कार व्याकरणशुद्ध असेल, तर आत जाई, आणि आपला खराखुरा पत्ता सांगणारे प्रामाणिक यंत्र एका खुणेअभावी बाहेर राही.

१९/
याहून मोठा विरोधाभास पुढे आहे. डिसेंबर १९९८ मध्ये वापरकर्त्यांनी पत्र 'टाकण्यासाठी' वेगळे दार ठरवण्यात आले : पोर्ट ५८७. मार्च १९९९ मध्ये एसएमटीपीवर वापरकर्त्याची ओळख पटवण्याची पद्धत प्रमाणित झाली. आता माणूस कोण, हे पासवर्ड सांगणार होता; अभिवादनाला ओळखपत्राचे काम उरले नव्हते. पण क्रम जुनाच राहिला. आधी नमस्कार, मग पासवर्ड. नमस्कारातच चूक निघाली, तर खरी ओळख सांगण्याची वेळच येत नसे.

२०/
चुका कोणत्या? पहिली आणि सरळ : पत्ता नवा, रीत जुनी. प्रोग्रॅम आपल्या जोडणीचा पत्ता घेई आणि विचार न करता कंसात घाली : [२००१:डीबी८::१]. खूण नाही. आयपीव्ही४ च्या जगात लिहिलेली ही ओळ वर्षानुवर्षे निर्दोष चालली होती. पत्त्याचे रूप बदलताच ती चुकीची ठरली, आणि तिच्यातील एक अक्षरही बदललेले नव्हते.

२१/
दुसरी चूक टक्केचिन्हाची. प्रत्येक आयपीव्ही६ यंत्राला 'एफई८०' ने सुरू होणारा एक स्थानिक पत्ता असतो. तो त्याच जोडणीपुरता अर्थपूर्ण. यंत्राला दोन जोडण्या असतील, तर कोणती हे सांगण्यासाठी पत्त्यामागे टक्केचिन्ह व जोडणीचे नाव लावतात. ही घरातली खूण. ती बाहेर सांगायची नसते. ती जशीच्या तशी अभिवादनात गेली, तर ईमेलच्या व्याकरणात तिला जागाच नाही.

२२/
तिसरा प्रकार दोन्ही युगांच्या सांध्यावरचा. काही प्रोग्रॅम एकाच मार्गाने दोन्ही पद्धती हाताळतात आणि जुना पत्ता नव्या वेष्टनात ठेवतात : '::एफएफएफएफ:१९२.०.२.१'. त्याला खूण लावली की सलग तीन कोलन येतात : [आयपीव्ही६:::एफएफएफएफ:१९२.०.२.१]. हे रूप व्याकरणात बसते. पण तीन कोलनांची कल्पना न करता लिहिलेला सर्व्हर तेथे अडखळू शकतो.

२३/
चौथा प्रकार नियमकर्त्यांच्याच मतभेदाचा. फेब्रुवारी २००६ च्या पत्ता-नियमांनुसार '::' ने शून्यांचा एकच गट गाळला तरी चाले. ऑक्टोबर २००८ च्या ईमेल नियमावलीने ('आरएफसी ५३२१') मात्र '::' म्हणजे किमान दोन गट, असे ठरवले. एक नियमावली ज्याला शुद्ध म्हणते, ते दुसरीत अशुद्ध. ऑगस्ट २०१० मध्ये पत्ते लिहिण्याची एकच शिफारस आली आणि तिने एक गट गाळण्यास मनाई केली, तेव्हा ही फट बुजली.

२४/
दोष कधी दिसे, कधी लपे, याचेही कारण आहे. फेब्रुवारी २००३ च्या नियमाने दोन्ही पत्ते उपलब्ध असतील, तर सामान्यतः नव्याला प्राधान्य दिले. म्हणून ईमेल प्रोग्रॅममध्ये काहीही न बदलता, केवळ जोडणी देणाऱ्याने आयपीव्ही६ सुरू केले, की अभिवादन बदले. जुन्या जोडणीवर परतले, की दोष नाहीसा. वाचायचे टपाल वेगळ्या नियमावलीने येते आणि तिच्यात हे अभिवादनच नाही. म्हणून येणारी पत्रे अखंड येत राहिली.

२५/
निदानाची रीत या पद्धतीच्या स्वभावातूनच आली. एसएमटीपीचा संवाद साध्या अक्षरांत असल्याने तो वाचता येतो. ईमेल प्रोग्रॅमची नोंदवही उघडावी. '२२०' नंतरची पहिली ओळ पाहावी. कंस आहेत काय? खूण आहे काय? टक्केचिन्ह घुसले आहे काय? मग तीच ओळ हाताने टाइप करून सर्व्हरला पाठवावी. एकदा खुणेसह, एकदा खुणेविना. '२५०' आणि '५०१' यांतील फरक दोष कोणाचा हे सांगून टाकतो. खुणेसह शुद्ध ओळही नाकारली गेली, तर चूक सर्व्हरची.

२६/
उपाय दोन होते. एक योग्य : अभिवादन दुरुस्त करणे. मोझिलाच्या थंडरबर्डमध्ये अभिवादनात काय म्हणावे हे ठरवणारी एक आतली सेटिंगही आहे. तेथे नाव किंवा कंसातला पत्ता हाताने देता येतो. दुसरा उपाय सोपा आणि घातक : आयपीव्ही६ बंदच करणे. पत्र जाई, दोष तसाच राही, आणि 'नवी पद्धत बिघाड करते' ही समजूत मात्र पक्की होई.

२७/
ती समजूत फार काळ परवडणारी नव्हती. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील आयपीव्ही४ पत्त्यांचे शेवटचे पाच गठ्ठे वाटले गेले. ६ जून २०१२ ला मोठ्या संकेतस्थळांनी आयपीव्ही६ कायमचे सुरू केले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या रिलायन्स जिओच्या जाळ्याने तर नवे पत्ते कोट्यवधी हातांत दिले आणि भारत या बाबतीत जगातील आघाडीच्या देशांत गेला. पद्धत बंद करणे म्हणजे आता आपल्याच दाराला कुलूप लावणे.

२८/
आणखी एक बाब दोषापेक्षा गंभीर होती. अभिवादनात सांगितलेली ओळख पत्राच्या शीर्षनोंदीत उतरते आणि पत्र घेणाऱ्यापर्यंत पोहोचते. घरच्या राउटरमागचा आयपीव्ही४ पत्ता असंख्य घरांत सारखाच असतो. त्यावरून फारसे कळत नाही. आयपीव्ही६ पत्ता मात्र जगात एकमेव असू शकतो, आणि आरंभीच्या रीतीत त्याचा उत्तरार्ध यंत्राच्या हार्डवेअर क्रमांकावरून बनत असे. जानेवारी २००१ मध्ये बदलत्या, यादृच्छिक पत्त्यांची योजना आली ती याच चिंतेतून. नमस्कार शुद्ध असावा, पण त्याने किती सांगावे, हा प्रश्न व्याकरणाच्या पलीकडचा आहे.

२९/
या इतिहासात कोणी खलनायक नाही. पोस्टेल यांचे व्याकरण त्यांच्या काळाला पुरेसे होते. क्लेन्सिन यांची खूण दूरदर्शी होती. सर्व्हर सांभाळणाऱ्यांचा संशय अनुभवातून आला होता. दोष उपजला तो या तिघांच्या मधल्या जागेत : सौजन्य म्हणून जन्मलेला शब्द परवान्यासारखा तपासला जाऊ लागला, आणि पत्ता बदलल्याची वार्ता त्या शब्दापर्यंत वेळेवर पोहोचली नाही. जुने नियम मोठ्या दरवाजांपाशी क्वचितच मोडतात. ते मोडतात अशा चार अक्षरांपाशी, ज्यांकडे कोणी पुन्हा पाहिलेले नसते.

३०/
हा इतिहास पाहण्यासाठी संग्रहालयात जावे लागत नाही. आपल्या टपालपेटीतील कोणतेही पत्र उघडून त्याचे मूळ रूप पाहावे. वरच्या भागात 'रिसीव्ह्ड' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी दिसतील; सर्वांत खालची सर्वांत जुनी. त्या ओळीत 'फ्रॉम' नंतर जे लिहिलेले असते, ती बहुधा पाठवणाऱ्या यंत्राने सांगितलेली ओळख असते. आणि शेजारच्या कंसात, सर्व्हरने स्वतः पाहिलेला पत्ता. कोणी काय सांगितले आणि प्रत्यक्षात काय दिसले, अशा दोन्ही साक्षी तेथे शेजारी-शेजारी नोंदलेल्या आहेत.